शिकाऊ वैमानिकांचे युद्धकाळातले फोटो: आधी चित्र, मग मागची ओळ

दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या ब्रिटिश कॉमनवेल्थ एअर ट्रेनिंग प्लॅनमधून १,३१,५५३ जण विमानदलासाठी शिकून बाहेर पडले. करार झाला १७ डिसेंबर १९३९ला आणि योजना चालली ३१ मार्च १९४५पर्यंत. जवळजवळ प्रत्येक तुकडीने रांगेत बसून एक गट-फोटो काढून घेतला, आणि बऱ्याच पोरांकडे स्वतःचा साधा कॅमेराही होता. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया (आजचं झिंबाब्वे), भारत इथल्या शाळा वेगळ्याच. त्यामुळे असे फोटो आजही ढिगाने सापडतात आणि त्यातले बरेच चुकीच्या नावाने फिरतात.

चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. माणूस फोटो हातात घेतो, उलटा करतो, मागे लिहिलेलं वाचतो आणि मग चित्रात तेच बघतो. हा क्रम फिरवा. मागची ओळ वाचा, पण सगळ्यात शेवटी.

टेबलावर काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, स्वच्छ कोरडे हात किंवा नायट्राइलचे हातमोजे, मऊ शिशाची पेन्सिल, एक छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि सपाट स्कॅनर. सुती हातमोजे टाळा, बोटांना कागदाची कड कळत नाही आणि कोपरे दुमडतात. बॉलपेन टेबलाच्या जवळही नको.

निगेटिव्ह असतील तर आधी त्यांची कड बघा. ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर ती अॅसिटेटची फिल्म. ‘नायट्रेट’ असेल तर ती सहज पेटणारी. नायट्रेट फिल्म १९५० सालच्या सुमारापर्यंत बनत होती, म्हणजे युद्धकाळातलं निगेटिव्ह दोन्हींपैकी काहीही असू शकतं. कोडॅकच्या सुट्या शीटच्या एका कोपऱ्याशी खाचा असतात. कोपऱ्यापासूनची पहिली खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकदार असेल तर नायट्रेट, ‘यू’सारखी गोल असेल तर सेफ्टी. नायट्रेट बंद डब्यात कोंडू नका, उन्हात किंवा गरम स्कॅनरवर पडू देऊ नका, बाकीच्या संग्रहापासून लांब ठेवा. चिकट झालं असेल, तपकिरी पडलं असेल, तर हात न लावता जाणकाराकडे द्या. अॅसिटेट बिघडलं की व्हिनेगरसारखा वास येतो. तेही वेगळं काढा, कारण शेजारच्या निगेटिव्हनाही ते बिघडवतं.

काळ्या कागदाच्या अल्बमात चिकटवलेला फोटो उचकटायचा नाही. पानासकट स्कॅन करा.

लांबलचक गुंडाळी सापडली तर ती बहुधा फिरत्या कॅमेऱ्याने काढलेला अख्ख्या शाळेचा फोटो असते. कॅमेरा आसाभोवती फिरतो आणि माणसं अर्धवर्तुळात बसलेली असतात, म्हणून कागदावर रांग सरळ दिसते. एखादा चपळ पोरगा मागून पळत जाऊन दोन्ही टोकांना उभा राहायचा. तेव्हा डोकी मोजताना दोन्ही टोकांचे चेहरे ताडून बघा. अशी गुंडाळी जोर लावून उघडली की इमल्शन, म्हणजे कागदावरचा चित्राचा थर, तडकतं आणि ते परत जुळत नाही. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी ओला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर गुंडाळी, आणि पाण्याचा थेंबही फोटोला लागता कामा नये. दर तासाला बघायचं. कागद आपणहून सैल पडला की दोन कोरड्या टिपकागदांमध्ये वजनाखाली काही दिवस ठेवायचा. आधीच तडे गेले असतील किंवा थर एकमेकांना चिकटले असतील तर हा उद्योग करू नका.

त्या काळातली प्रत, की नंतरची?

खोली अंधारी करून फोटोच्या मागच्या बाजूवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. निळसर पांढरा उजेड फेकणाऱ्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं आहेत, आणि फोटोच्या कागदात ती १९५०च्या दशकात आली. म्हणजे ती प्रत युद्धानंतर काढलेली. चमकला नाही म्हणून तो जुनाच ठरतो असं मात्र नाही. प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत, न फाटणारा कागद त्याहूनही नंतरचा. गडद भागांवर तिरप्या उजेडात निळसर, धातूसारखी झाक दिसते ती चांदी वर आल्याची खूण, आणि जुन्या प्रतीत ती पुष्कळदा असते. दातेरी कापलेल्या कडा १९३०पासून १९५०च्या दशकापर्यंत चालू होत्या, त्यामुळे त्यावरून फार बारीक तारीख निघत नाही.

नंतरची प्रत निरुपयोगी नसते. पण मग तिच्या मागची ओळही नंतरचीच, आठवणीने लिहिलेली, हे लक्षात ठेवायचं.

उलटा छापलाय का

निगेटिव्ह उलटं ठेवून छापलेले फोटो वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. विमानावरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्न तिथेच मिटतो. नसतील तर कपडे बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे वरची कड आपल्याला फोटोत उजवीकडून येताना दिसते. विंग्जचा, म्हणजे वैमानिकाच्या पंखांचा, बिल्ला माणसाच्या डाव्या छातीवर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला. होडीसारखी टोपी माणसाच्या उजव्या भुवईकडे कललेली, म्हणजे आपल्या डावीकडे. तीनपैकी दोन खुणा उलट्या आल्या की फोटो उलटा. महिला दलांच्या कोटाची बटणं उलट बाजूला असतात, तिथे ही कसोटी लावू नका.

हे आधी न तपासता ‘डावीकडून तिसरा’ असं लिहिलं की नाव भलत्याच माणसाला चिकटतं.

काळं दिसतंय ते पिवळं असू शकतं

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

त्या काळी दोन प्रकारची कृष्णधवल फिल्म वापरात होती. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, पिवळा कमी दिसतो आणि निळा भरपूर दिसतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात, साधारण आपल्या डोळ्यासारखे. सरकारी आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार बहुतेक पॅनक्रोमॅटिक वापरत. शिकाऊ पोरांच्या खिशातल्या कॅमेऱ्यात मात्र पुष्कळदा कोडॅकची व्हेरिक्रोम असे, आणि ती ऑर्थो होती. तिची पॅनक्रोमॅटिक आवृत्ती १९५६ साली आली.

आता शाळेतलं विमान घ्या. कॅनडात ते सगळंच्या सगळं पिवळं, ब्रिटनमध्ये खालून पिवळं आणि वरून हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं. तेच पिवळं टायगर मॉथ (नवशिक्यांचं दुपंखी विमान) पॅनक्रोमॅटिकवर फिकट, जवळजवळ पांढरं येतं आणि ऑर्थोवर गडद राखाडी, कधी काळ्याच्या जवळ जाणारं. मग कोणी लिहितो, ‘रात्रीच्या मोहिमेसाठी काळं रंगवलेलं विमान’. ते असतं दुपारच्या तासाचं पिवळं विमान.

फिल्म ओळखायची युक्ती विमानावरच असते. ब्रिटिश राउंडेल, म्हणजे धडावरचं गोल चिन्ह, भिंगाखाली घ्या. आतून बाहेर रंग असे: लाल, पांढरा, निळा आणि सगळ्यात बाहेर पिवळं कडं. मधला लाल ठिपका काळाकुट्ट, निळं कडं फिकट आणि पांढऱ्यात जवळजवळ विरघळलेलं, बाहेरचं पिवळं कडं गडद, असं दिसलं तर फिल्म ऑर्थो. उलट निळं कडं सगळ्यात गडद, लाल मध्यम राखाडी आणि पिवळं फिकट असेल तर पॅनक्रोमॅटिक. चिन्ह चौकटीबाहेर गेलं असेल तर चेहरे बघा. ऑर्थोवर ओठ काळसर, गोऱ्या चेहऱ्यावरचे ठिपके ठळक, निळं आकाश कोरं पांढरं आणि विमानदलाचा निळा-करडा गणवेश अपेक्षेपेक्षा फिकट येतो.

हे ठरल्याशिवाय गणवेशाच्या किंवा विमानाच्या रंगाबद्दल एक शब्द लिहू नका. आपोआप रंग भरणाऱ्या सॉफ्टवेअरला तर फिल्म कुठली होती हे कळतच नाही, ते काळ्याला काळंच ठेवतं आणि पिवळ्या विमानाला सरळ राखाडी करतं. धूसर फोटो ‘स्पष्ट’ करणारी साधनं त्याहून वाईट, कारण ती शेपटीवरचे आकडे मनाने रचतात. नंबर वाचायचा तो मूळ स्कॅनमधूनच.

टोपी, बाही, छाती

आता माणसाकडे या. ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ दलांत विमानात बसायचं शिक्षण घेणाऱ्या पोराच्या होडीटोपीच्या पुढच्या घडीत पांढऱ्या कापडाची पट्टी खोचलेली असे. ती दिसली की तो शिकाऊ आणि अजून विंग्ज मिळालेल्या नाहीत. ही एक खूण कुठल्याही मथळ्यापेक्षा भरवशाची. बाहीवर दोन पात्यांच्या पंख्याचा बिल्ला असेल तर तो लीडिंग एअरक्राफ्टमन. कॅनडात पोरं प्राथमिक वर्गशाळा, म्हणजे इनिशियल ट्रेनिंग स्कूल, पार करून या हुद्द्यावर येत आणि बहुतेक सगळं उड्डाणाचं शिक्षण त्याच हुद्द्यावर होई. पांढरी पट्टी आहे पण बाही कोरी आहे, तर फोटो त्याही आधीचा, बहुधा भरतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला.

शिक्षण संपलं की पट्टी जाते, छातीवर बिल्ला येतो आणि माणूस सार्जंट किंवा पायलट ऑफिसर होतो. पूर्ण दोन पंख म्हणजे वैमानिक. बाकीच्यांना एकच पंख आणि गोलात इंग्रजी अक्षर. ही अक्षरं तारखेसाठी सोन्यासारखी आहेत. ‘ओ’ म्हणजे ऑब्झर्व्हर, हा जुना बिल्ला. १९४२मध्ये त्याची कामं वाटली गेली आणि ‘एन’ नॅव्हिगेटर, ‘बी’ बॉम्ब एमर, ‘ई’ फ्लाइट इंजिनियर असे वेगळे बिल्ले आले. ‘एजी’ म्हणजे एअर गनर, डिसेंबर १९३९पासून. ‘एस’ म्हणजे सिग्नलर, १९४४पासून. म्हणून ‘बी’ दिसणाऱ्या फोटोमागे १९४१ लिहिलं असेल तर मागची ओळ चूक. उलट दिशेने मात्र हा तर्क चालवू नका. ज्यांनी ‘ओ’ आधी मिळवला होता त्यातल्या अनेकांनी तो पुढेही काढला नाही.

अमेरिकन कॅडेटच्या टोपीवर पंख असलेल्या पंख्याचा मोठा बिल्ला असतो. तिथे तुकडीचं नाव म्हणजे वर्ष आणि अक्षर. टस्कीगी, अलाबामा इथल्या कृष्णवर्णीय वैमानिकांची पहिली तुकडी ४२-सी. तेरा जणांनी सुरुवात केली, ७ मार्च १९४२ला पाच जणांना विंग्ज मिळाल्या, त्यात पुढे जनरल झालेले बेंजामिन डेव्हिस ज्युनियर होते. महिला वैमानिकांच्या दलात अक्षराच्या जागी ‘डब्ल्यू’ आणि क्रमांक येतो, ४३-डब्ल्यू-१ याप्रमाणे. टेक्सासमधल्या स्वीटवॉटरच्या अॅव्हेंजर फील्डवरचे त्यांचे फोटो कपड्यांवरूनच ओळखू येतात. पुरुषांच्या मापाचे ढगळ डगले मिळाले होते, म्हणून बाह्या दुमडलेल्या आणि कमरेला आवळलेलं.

कानावरून खाली लोंबणारी रबरी नळी दिसली तर ती ऑक्सिजनची समजू नका. ती बोलायची नळी, गॉस्पोर्ट ट्यूब, प्रशिक्षकाचा आवाज शिकाऊच्या कानापर्यंत नेणारी. ती आहे म्हणजे प्राथमिक शिक्षणाचं विमान जवळपास आहे. फुगवायचं पिवळं जीवरक्षक जॅकेट मात्र जमिनीवरच्या शाळेत सहसा लागत नाही. ते घातलेला माणूस शिकून पुढे गेलेला असण्याची शक्यता जास्त.

कुठलं विमान, कुठला टप्पा

विमान ओळखलं की माणूस शिक्षणाच्या कुठल्या पायरीवर होता ते कळतं. कॉमनवेल्थमध्ये पहिली पायरी टायगर मॉथ, कॅनडात फ्लीट फिंच आणि नंतर फेअरचाइल्ड कॉर्नेलही. दुसऱ्या पायरीवर एका इंजिनासाठी हार्वर्ड, दोन इंजिनांसाठी ऑक्सफर्ड, अॅन्सन किंवा सेस्ना क्रेन. अमेरिकेत पायऱ्या तीन: स्टिअरमन, मग व्हल्टी बीटी-१३, मग टेक्सन एटी-६, जे हार्वर्डचंच मूळ भावंड.

घोटाळे ठरलेले आहेत. कॅनडातल्या टायगर मॉथला थंडीमुळे काचेचं सरकतं छत आहे, म्हणून ते वेगळंच विमान वाटतं. हार्वर्डची चाकं पोटात जातात. अगदी तसंच दिसणारं पण चाकं बाहेरच राहिलेलं विमान कॅनडात दिसलं तर ते येल, आणि अमेरिकेत दिसलं तर बहुधा बीटी-१३. पिवळ्या पोटावर काळे तिरपे पट्टे असतील तर ते नेमबाजीसाठी मागे निशाण ओढत नेणारं विमान, म्हणजे शाळा बॉम्ब आणि तोफांची. खोलीच्या आत, खांबावर बसवलेलं, आखूड पंखांचं खेळण्यासारखं विमान म्हणजे लिंक ट्रेनर. एडविन लिंकने १९२९मध्ये बनवलेलं हे यंत्र. त्यात झाकण लावून फक्त उपकरणांवर उडवायचा सराव होई, आणि शेजारच्या टेबलावर एक तीन चाकांचा ‘खेकडा’ कागदावर मार्ग रेखाटत असे. फोटोत टेबलावरचा कागद स्पष्ट दिसला तर त्यावरची रेघही स्कॅनमध्ये मोठी करून बघा, कधी तिथे तारीख सापडते.

कोण कुठे बसलाय यालाही अर्थ आहे. टायगर मॉथ आणि स्टिअरमनमध्ये शिकाऊ मागे, प्रशिक्षक पुढे. एकट्याने उडवायचं तेही मागूनच, म्हणून पुढची बैठक रिकामी आणि मागे एकच डोकं असं हवेतलं चित्र म्हणजे एकट्याचं उड्डाण. हार्वर्डमध्ये हे नेमकं उलटं आहे, शिकाऊ पुढे.

चिन्हांवरून तारीख

सगळ्यात पक्की तारीख अमेरिकन ताऱ्यावरून निघते. निळ्या गोलात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका असेल तर मे १९४२च्या आधीचं रंगकाम. जपानी चिन्हाशी गल्लत नको म्हणून तो ठिपका काढला, शेपटीवरचे लाल-पांढरे आडवे पट्टेही गेले. जून १९४३च्या अखेरीस गोलाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि सगळ्याला लाल काठ. काही महिन्यांतच लाल काठाचा निळा झाला. म्हणून लाल काठाचा फोटो सापडला तर तारखेची खिडकी फार अरुंद. काठ लाल की निळा हे कृष्णधवल फोटोत ठरवायला पुन्हा फिल्मचा प्रकार माहीत हवा.

ब्रिटिश बाजूला शेपटीवरचे उभे तीन रंग मे १९४०मध्ये आले. तेव्हा तिन्ही पट्टे सारखे रुंद होते. १९४२च्या मध्यापासून पांढरा पट्टा बारीक झाला, राउंडेलमधली पांढरी आणि पिवळी कडीही बारीक झाली.

पण शाळेतल्या विमानांना नवा रंग लागायला उशीर होई, कारण कारखान्यात जाईपर्यंत जुनाच राहायचा. म्हणून नवं चिन्ह दिसलं तर ‘यानंतरचा’ असं खात्रीने लिहा. जुनं चिन्ह दिसलं तर ‘याआधीचा’ असं लगेच लिहू नका.

नंबर आणि लॉगबुक

ब्रिटिश विमानाच्या धडावर मागच्या बाजूला एक अक्षर आणि चार आकडे, किंवा दोन अक्षरं आणि तीन आकडे. कॅनडाच्या विमानावर बहुधा नुसते चार आकडे. अमेरिकन शेपटीवरच्या आकड्यातला पहिला अंक हा आर्थिक वर्षाचा शेवटचा अंक असतो. समजा विमानाचा नंबर ४२-३४५६७ आहे, तर शेपटीवर २३४५६७ लिहिलेलं दिसेल. हे वर्ष विमानाची मागणी नोंदवल्याचं, फोटोचं नव्हे. धडावरचे मोठे आकडे वेगळे, ते शाळेपुरते ओळखीसाठी.

त्या माणसाचं उड्डाणाचं लॉगबुक घरात असेल तर काम एकदम सोपं होतं. कॉमनवेल्थ लॉगबुकात डाव्या पानावर तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, मुख्य वैमानिक, मग दुसरा वैमानिक किंवा शिकाऊ, आणि कामाचा तपशील असे स्तंभ असतात. फोटोतला नंबर ‘नंबर’च्या स्तंभात शोधा. तो तीनदा सापडला तर तीन तारखा मिळाल्या. मग फोटोतला बर्फ, पानगळ, सावलीची लांबी यावरून त्यातली एक निवडता येते. नंबर एकदाही सापडला नाही तर? फोटोसाठी पोरं समोर उभ्या असलेल्या कुठल्याही विमानाला टेकत असत. टेकलेलं विमान त्याने उडवलंच असेल असं नाही.

गट-फोटोत पुढे पाटी असते, त्यावर कोर्सचा क्रमांक. शाळेचं नाव नसेल तर नुसता क्रमांक फारसा कामाचा नाही. मधोमध खुर्च्यांवर बसलेले सहसा प्रशिक्षक आणि अधिकारी, मागे उभे शिकाऊ. मागच्या बाजूला सगळ्यांच्या सह्या असतील तर आनंद माना, पण सह्यांचा क्रम आणि उभं राहायचा क्रम एकच समजू नका. फोटो हातोहात फिरवून सह्या घेतलेल्या असतात.

भारतातले फोटो

भारतीय विमानदल ८ ऑक्टोबर १९३२ला स्थापन झालं. युद्धकाळात प्राथमिक वर्ग लाहोरजवळ वॉल्टनला भरले, पहिलं उड्डाण शिक्षण हैदराबादच्या बेगमपेटला आणि जोधपूरला, आणि पुढचं अंबाल्याला. म्हणून पार्श्वभूमीला कुठला डोंगर, कुठला हँगर हे बघताना आधी या ठिकाणांशी ताडून बघा. अंबाल्याच्या फोटोत टायगर मॉथऐवजी हॉकर हार्ट किंवा ऑडॅक्ससारखी जुनी दुपंखी लष्करी विमानं दिसली तर दचकू नका, पुढच्या टप्प्यासाठी तीच वापरात होती.

तारखेसाठी दोन टाचण्या पक्क्या आहेत. १९४३च्या मध्यापासून आशियातल्या या आघाडीवर राउंडेलमधून लाल रंग गेला, कारण पुन्हा तेच, जपानी चिन्हाशी गल्लत. मग उरला गडद निळा आणि आत फिकट निळा. आणि मार्च १९४५मध्ये दलाच्या नावात ‘रॉयल’ आलं, तेव्हा ‘आर’ने सुरू होणारी चार अक्षरं असलेला बिल्ला त्याआधीचा असू शकत नाही.

ब्रिटनमधल्या शाळेच्या फोटोत पगडी दिसली तर १९४० आठवा. त्या वर्षी चोवीस भारतीय वैमानिकांची तुकडी तिकडे गेली होती. त्यातले महिंदरसिंग पुजी पगडीवर दलाचा बिल्ला लावून उडत. पहिल्या महायुद्धातले भारतीय तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: पगडी घालून उडणारे हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. त्या काळच्या शिकाऊ कॅडेटच्या टोपीभोवती पांढरा पट्टा गुंडाळलेला असे, दुसऱ्या युद्धातल्या पुढच्या पट्टीचा तो पूर्वज. ‘पगडी आहे म्हणजे मलिक’ असं मात्र कोणी लिहू नये.

आता मागची ओळ

आत्तापर्यंत जे ठरलं ते कागदावर लिहून काढलंत की मगच फोटो उलटा करा.

मागे तीन थरांचं लिखाण असू शकतं आणि ते वेगळं करायचं. सरकारी शिक्के आणि नंबर, वृत्तसंस्थेची चिकटवलेली टाइप केलेली पट्टी, आणि हाताने लिहिलेलं. सरकारी नंबर आधी: ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात विमानदलाच्या देशांतर्गत फोटोंना ‘सीएच’ हे अक्षर आहे, कॅनडाच्या विमानदलाच्या अधिकृत फोटोंना ‘पीएल’. असा नंबर मिळाला तर मूळ संग्रहातली नोंद शोधा, ती हातातल्या प्रतीपेक्षा पूर्ण असते.

टाइप केलेल्या पट्टीवर सावधपणे विश्वास ठेवा. सेन्सॉरमुळे ठिकाण गाळलेलं असे, ‘ब्रिटनमध्ये कुठेतरी’ इतकंच. विमानावरची अक्षरं, पार्श्वभूमीतल्या इमारती ब्रशने पुसल्या जात. भिंगाखाली अशा जागी एकसारखा सपाट राखाडी रंग आणि ब्रशची कड दिसते. प्रसंगही रचलेले असत. चार पोरं नकाशावर वाकलेली, प्रशिक्षक तळहात तिरका करून वळण समजावतोय, ही चित्रं छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून जमवलेली. शाळा आणि माणसं खरी, तो क्षण बनवलेला.

हाताचं लिखाण कोणाचं, कधीचं ते बघा. बॉलपेन युद्धानंतर सर्रास झालं, म्हणून बॉलपेनने लिहिलेली तारीख आठवणीतली धरायची.

स्कॅन

पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ६०० पीपीआय, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, पुरतं. सव्वादोन बाय सव्वातीन इंचांच्या छोट्या प्रतीला १२०० घ्या. म्हणजे २७०० बाय ३९०० पिक्सेल, २४ बिट रंगात सुमारे ३२ एमबीची टिफ फाइल. कृष्णधवल असला तरी रंगातच स्कॅन करा, डाग आणि चांदीची झाक त्याशिवाय वेगळी कळत नाही. स्कॅनरची आपोआप धार वाढवणं, धूळ काढणं, कॉन्ट्रास्ट ही सगळी बटणं बंद. धूळ काढणारं सॉफ्टवेअर कोटावरची बटणंही खाऊन टाकतं. मागची बाजू कोरी असली तरी तीही स्कॅन करा, आणि फोटोची कड पूर्ण दिसू द्या.

वापराच्या हक्काचं थोडक्यात: अमेरिकन सरकारी छायाचित्रकाराने कामावर असताना काढलेल्या फोटोंवर तिथे हक्क नाही, आणि ब्रिटिश सरकारचे युद्धकाळातले अधिकृत फोटो मुक्त झालेले आहेत. एखाद्या पोराने स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो या दोन्हींत बसत नाही. तो टाकण्याआधी घरच्यांना विचारा.

नोंद कशी लिहायची

एकच सलग वाक्य लिहू नका, चार भाग वेगळे ठेवा. उदाहरणार्थ:

दिसतं ते: टायगर मॉथपुढे उभे चार तरुण, काचेचं छत, टोप्यांवर पांढरी पट्टी, तिघांच्या बाहीवर पंख्याचा बिल्ला, जमिनीवर बर्फ. ऑर्थो फिल्म, विमान पिवळं.

त्यावरून निघतं ते: कॅनडा, प्राथमिक उड्डाण शाळा, हिवाळा. शेपटीवर तीन सारखे पट्टे, म्हणून मे १९४०नंतर.

मागे लिहिलंय ते: ‘इंग्लंड, १९४३’, निळं बॉलपेन.

पटत नाही ते: छतामुळे इंग्लंड शक्य वाटत नाही. वर्ष तपासायचं आहे.

प्रतीच्या मागे लिहायचंच असेल तर कडेला, मऊ पेन्सिलीने, फोटो कठीण सपाट जागेवर ठेवून, फक्त तुमच्या नोंदीचा क्रमांक. जुनी चुकीची ओळ खोडू नका. दुरुस्ती नोंदवहीत करा, तिच्यापुढे तारीख टाका आणि कुठल्या खुणेवरून दुरुस्त केलंत तेही लिहा.